फोन चांगला, तरी निकामी का? जिओफोन, टीव्ही आणि साऊंडबॉक्सच्या आतल्या 'खुल्या' सिस्टीमची गोष्ट

राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालात की वाटेत वडनेर भोलजी लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलं, नांदुरा तालुक्यातलं हे गाव. हायवेच्या कडेला चहासाठी थांबलात तर अशा कुठल्याही गावात ऐकू येतात ते आवाज इथेही कानावर पडतील. टपरीवरचा साऊंडबॉक्स सांगतो, "वीस रुपये प्राप्त झाले." भिंतीवरच्या टीव्हीवर बातम्या चालू असतात. उभ्या असलेल्या गाडीच्या स्टिरिओवर गाणं लागलेलं असतं. आणि बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांच्या हातातल्या जुन्या जिओफोनवर भजन वाजत असतं.

त्या आजोबांना विचारलंत तर ते कदाचित एक तक्रार सांगतील. फोन पडला नाही, भिजला नाही, बॅटरी टिकते, आवाजही खणखणीत आहे. पण त्यावरचं व्हॉट्सॲप बंद झालं. पुण्यात असलेली नात व्हॉइस मेसेज पाठवायची, ते आता येत नाहीत.

फोनमध्ये काहीच बिघाड नसताना तो अर्धा निकामी कसा होतो? त्याचं उत्तर फोनच्या आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. विशेष म्हणजे या फोनची सिस्टीम ज्या पायावर उभी आहे, तो ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड जगात कुणीही वाचू शकतो, वापरू शकतो, बदलू शकतो. तरीही त्या आजोबांच्या हातात काही उरलेलं नाही.

असं का होतं, आणि या सगळ्या डब्यांमधून आवाज नेमका कसा निघतो, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

एम्बेडेड म्हणजे काय?

लॅपटॉप घेतला की त्यावर आपण हवं ते करतो. टायपिंग, गेम, हिशोब, सिनेमा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गाडीचा स्टिरिओ, साऊंडबॉक्स ही यंत्रं मात्र ठरावीक कामासाठी बनलेली असतात. त्यांच्या आतही कॉम्प्युटरच असतो, पण तो दिसत नाही. प्रोसेसर, मेमरी आणि सॉफ्टवेअर यंत्राच्या पोटात बसवलेलं असतं. यालाच एम्बेडेड सिस्टीम म्हणतात.

या छोट्या कॉम्प्युटरलाही एक मुकादम लागतो. बटण दाबलं तर कुणाला सांगायचं, स्क्रीनवर काय दाखवायचं, नेटवर्कवरून आलेला डेटा कुठे ठेवायचा, स्पीकरकडे काय पाठवायचं, हे सगळं वाटून देणारा. हा मुकादम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

आज आपल्या घरातल्या बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये हा मुकादम लिनक्सच्या घराण्यातला असतो. गुगलचा अँड्रॉइड टीव्ही, सॅमसंगचा टायझन, एलजीचा वेबओएस ही नावं वेगवेगळी असली तरी तिघांच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. या गाभ्याला कर्नल म्हणतात.

कंपन्या लिनक्सच का घेतात?

लिनक्सचा कर्नल १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्यानंतर जगभरातल्या हजारो प्रोग्रामरांनी त्यात भर घातली. तो वापरायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत.

आता टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वायफाय चालवायचं, यूएसबी ओळखायचं, फाइल साठवायची, रिमोट ऐकायचा, आवाज काढायचा. हे सगळं शून्यापासून लिहायला वर्षं लागतील. लिनक्समध्ये ते आधीच लिहिलेलं आणि तपासलेलं आहे. शिवाय चिप बनवणाऱ्या कंपन्या आपली चिप लिनक्सवर चालेल याची तयारी स्वतःच करून देतात. त्यामुळे वस्तू लवकर तयार होते आणि स्वस्त पडते.

म्हणजे टीव्ही आज ज्या किमतीत मिळतो, त्यात या फुकट कोडचाही वाटा आहे. फायदा आपल्यालाही झालाच आहे.

आता मुख्य गोष्ट: आवाज निघतो कसा?

मेमरीत गाणं म्हणजे फक्त आकडे असतात. आवाजाची लहर एका सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक वेळी मिळालेला आकडा लिहून ठेवायचा. व्हिडिओसाठी साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजणी होते. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० आहे.

डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगळे आकडे, आणि प्रत्येक आकड्याला २ बाइट. हिशोब केला तर ४८,००० गुणिले २ गुणिले २, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला १,९२,००० बाइट लागतात. एवढी जागा परवडत नाही म्हणून आवाज दाबून छोटा करतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलमध्ये हाच एक सेकंद १६,००० बाइटमध्ये बसतो. बारापट बचत.

वाजवताना उलटा प्रवास. सॉफ्टवेअर फाइल उलगडून पुन्हा आकडे काढतं. ते आकडे चिपच्या आत कोडेक नावाच्या भागाकडे जातात. कोडेक त्या आकड्यांची वीज करतो, अँप्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकरचा पडदा हलतो.

लिनक्समध्ये हा रस्ता सांभाळणाऱ्या भागाचं नाव अल्सा. यारोस्लाव किसेला या चेक प्रोग्रामरने १९९८ च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ पासून ते कर्नलचा नेहमीचा भाग झालं. पण अल्सा मुळात कॉम्प्युटरच्या साऊंडकार्डसाठी होतं. मोबाइल आणि टीव्हीच्या छोट्या चिपसाठी पुढे त्याला एक जोड मिळाली, तिचं नाव एसॉक.

एसॉकची कल्पना अगदी व्यवहारी आहे. ड्रायव्हरचे तीन तुकडे करायचे. एक तुकडा कोडेकचा, एक मुख्य चिपचा, आणि तिसरा या विशिष्ट मॉडेलचा, म्हणजे स्पीकर कुठल्या पिनला जोडला आहे, हेडफोनचा जॅक कुठे आहे वगैरे. नवीन मॉडेल आलं तर पहिले दोन तुकडे तसेच वापरायचे आणि फक्त तिसरा बदलायचा. गवंडी एकच, विटा त्याच, फक्त घराचा नकाशा वेगळा.

आवाज मध्येच खरखरतो तो का?

बुलढाण्यात उन्हाळा काढलेल्या कुणालाही हे लगेच समजेल. नळाला पाणी चोवीस तास येत नाही, म्हणून आपण टाकी बांधतो. टाकी अधूनमधून भरते, पण घरातला नळ सतत चालतो. टाकी रिकामी झाली की नळ फसफसतो.

आवाजाचंही तसंच आहे. कोडेकला सेकंदाला ४८,००० आकडे लागतात म्हणजे लागतातच, तो थांबून वाट बघत नाही. पण प्रोसेसरला इतरही कामं असतात, म्हणून तो थोडे थोडे आकडे एका टाकीत ओतून ठेवतो. या टाकीला बफर म्हणतात. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला आणि टाकी रिकामी झाली की आवाज तुटतो, खरखरतो.

मग मोठीच टाकी का बांधू नये? कारण टाकी जेवढी मोठी, तेवढा उशीर. ४८० आकड्यांची टाकी असेल तर उशीर होतो एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा, तो कुणाला जाणवणार नाही. टाकी ९,६०० आकड्यांची केली तर उशीर एक पंचमांश सेकंद. मग टीव्हीवरच्या माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गाणं ऐकायला हा उशीर चालतो, फोनवर बोलायला चालत नाही.

लिनक्स मुळात अशा मिलिसेकंदाच्या शिस्तीसाठी बनलेलं नव्हतं. ठरलेल्या वेळेत काम होईलच अशी हमी देणारा त्याचा रिअल-टाइम भाग जवळपास वीस वर्षं बाहेरूनच जोडावा लागत होता. २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये सामील झाला.

साऊंडबॉक्समध्येही लिनक्स असतं का?

असलंच पाहिजे असं नाही. लिनक्सला काही मेगाबाइट तरी मेमरी लागते. एकच वाक्य बोलणाऱ्या डब्यासाठी एवढा थाट परवडत नाही. अशा ठिकाणी फार छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम वापरता येतात. फ्रीआरटीओएस ही त्यातली एक. तिचा गाभा साधारण ६ ते १२ किलोबाइटमध्ये मावतो, म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनने पुढे आणलेली झेफिर ही अशीच दुसरी. या दोन्ही ओपन सोर्स आहेत.

साऊंडबॉक्सचं काम वरवर सोपं वाटतं. आत सिमकार्ड असतं, नेटवर्कवरून रकमेचा निरोप येतो आणि डबा ती रक्कम बोलतो. पण मराठीत बोलायचं म्हटलं की गंमत सुरू होते.

इंग्रजीत एक ते एकोणीस आणि दहाचे आठ शब्द शिकवले की ९९ पर्यंतचा कुठलाही आकडा तुकडे जोडून बोलता येतो. २७ तुकड्यांत काम झालं. मराठीत एकोणपन्नास, सत्तावन्न, त्र्याऐंशी हे सगळे स्वतंत्र शब्द. तुकडे जोडून 'पन्नास सात' म्हटलं तर चहावाला हसेल. म्हणजे १ ते ९९ असे ९९ शब्द वेगळे रेकॉर्ड करावे लागणार, त्यावर शंभर, 'एकशे', 'दोनशे', हजार, लाख.

समजा एक शब्द पाऊण सेकंदाच्या आत संपतो, ०.७ सेकंद धरू. बोलण्यापुरती सेकंदाला १६,००० वेळा मोजणी पुरते. मग एका शब्दाला २२,४०० बाइट आणि ९९ शब्दांना जवळपास २२ लाख बाइट. म्हणून छोट्या यंत्रात हे शब्द दाबून ठेवावे लागतात, किंवा सर्व्हरवरून तयार वाक्य मागवावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे लिहिलेलं वाचून बोलणारं सॉफ्टवेअर. ईस्पीक हे असं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मराठीही बोलतं. आवाज यंत्रासारखा येतो, पण ते अगदी कमी जागेत बसतं. असं सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळेच मराठी बोलणाऱ्या कुणालाही त्यातले उच्चार सुधारता येतात.

आता जिओफोनची गोष्ट

खुल्या कोडचा फायदा आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका फोनमध्ये दिसतात.

सुरुवात होते फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलापासून. मोझिलाने लिनक्सच्या कर्नलवर ब्राउझरचं इंजिन बसवून फायरफॉक्स ओएस तयार केली. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांत आला, तो याच सिस्टीमवर. पण स्वस्त अँड्रॉइड फोनपुढे तिचा टिकाव लागला नाही आणि २०१६ मध्ये मोझिलाने हे काम थांबवलं.

बंद सोर्सची सिस्टीम असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण कोड खुला होता. कायओएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो उचलला आणि बटणांच्या फोनसाठी बदलून घेतला.

तेवढ्यात भारतात एक अडचण उभी राहिली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेलं जिओचं नेटवर्क फक्त फोरजीचं. त्यावर जुने टूजी बटणफोन चालतच नव्हते. ज्यांना स्मार्टफोन परवडत नाही त्यांच्यासाठी फोरजीवर बोलता येईल असा बटणफोन हवा होता. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. २.४ इंचांची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, एफएम रेडिओ, आणि आत कायओएस.

या फोनचं खरं बळ आवाजात होतं. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांना बोलून शोधता येत होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं, तेही व्हॉइस मेसेजसकट. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आता बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, एवढंच शिकावं लागत होतं. ते व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या पद्धतीने दाबलेले असतात, आणि ओपसही खुलीच आहे, २०१२ पासून.

म्हणजे कर्नल खुला, ब्राउझरचं इंजिन खुलं, आवाज दाबण्याची पद्धत खुली. एवढं सगळं खुलं असल्यामुळेच दीड हजारात हा फोन शक्य झाला.

मग बिघडलं काय? जिओफोनमधलं ब्राउझरचं इंजिन २०१६ च्या सालचं, फायरफॉक्स ४८ च्या काळातलं. मार्च २०२० मध्ये कायओएस आणि मोझिलाने हे इंजिन नवं करण्यासाठी हातमिळवणी केली, पण त्यातून आलेली नवी आवृत्ती नव्या फोनसाठी होती. जुना जिओफोन जुन्याच इंजिनवर राहिला. जून २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणं बंद झालं आणि २०२५ मध्ये आधीपासून असलेलंही थांबलं.

कोड खुला आहे, मग आपणच दुरुस्त का करू नये?

वाचायला सोपं वाटतं, पण वाटेत तीन कुलुपं आहेत.

पहिलं कुलूप ॲपचं. तळाची सिस्टीम खुली असली तरी व्हॉट्सॲप त्या कंपनीच्या मालकीचं. ते कुठल्या फोनवर चालवायचं हे कंपनी ठरवते.

दुसरं कुलूप चिपच्या आतलं. फोनमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय मोडेम आणि आवाजासाठी डीएसपी नावाचा वेगळा छोटा प्रोसेसर असतो. अनेक फोनमध्ये कॉल चालू असताना तुमचा आवाज लिनक्सच्या हातातून जातही नाही. लिनक्स फक्त रस्ता जोडून देतं, आवाज मोडेमकडून डीएसपीमार्गे थेट कोडेककडे जातो. या भागांवर चालणारं सॉफ्टवेअर चिप कंपनीचं असतं आणि ते बंद असतं. म्हणून एखाद्या फोनवर हौशी मंडळींनी नवी सिस्टीम चढवली तर स्क्रीन चालते, वायफाय चालतं, पण कॉलवर आवाज येत नाही, हा नेहमीचा अनुभव. हे चित्र थोडं बदलतं आहे. २०१८ मध्ये इंटेलने साऊंड ओपन फर्मवेअर नावाने आवाजाच्या डीएसपीचा कोडही खुला केला. पण तो सगळ्या चिपवर चालत नाही.

तिसरं कुलूप सगळ्यात महत्त्वाचं, सहीचं. फोन किंवा टीव्ही चालू होताना आधी तपासतो की आतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या डिजिटल सहीचं आहे का. नसेल तर तो सुरूच होत नाही. चोरट्या सॉफ्टवेअरपासून बचाव म्हणून हे चांगलंच आहे. पण ती चावी बहुतेक वेळा मालकाला मिळत नाही.

लायसन्स काय सांगतं?

लिनक्सचा कर्नल जीपीएल नावाच्या लायसन्सची दुसरी आवृत्ती वापरतो. त्याची अट साधी आहे: हा कोड टाकून वस्तू विकत असाल, तर तुम्ही केलेल्या बदलांसकट कोड मागणाऱ्याला द्या. तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ओपन सोर्स लायसन्स' किंवा 'कायदेशीर माहिती' असा एक कंटाळवाणा पर्याय असतो, तो याच अटीमुळे.

पण कोड देणं आणि तो कोड त्याच यंत्रावर चालवू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत टिव्हो नावाचा टीव्ही रेकॉर्डर आला. आत लिनक्स होतं. कंपनीने कोडही दिला. पण बदललेला कोड यंत्रावर चढवला की सही जुळत नसल्यामुळे यंत्र चालायचं नाही. यावरून एवढा वाद झाला की २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वस्तू विकणाऱ्याने बदललेला कोड चढवण्याची माहितीही द्यावी, अशी अट त्यात घातली गेली. टॉरवाल्ड्सना ही अट पटली नाही, आणि लिनक्सचा कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

फ्रीआरटीओएससारख्या छोट्या सिस्टीमचं लायसन्स तर त्याहून सैल. तिथे कंपनीने कोड परत द्यायची अटच नाही. त्यामुळे एखाद्या डब्याच्या आत काय आहे हे आपल्याला बाहेरून कळतही नाही.

चावी मिळाली तर काय होतं?

याचीही उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक आवाजाचंच आहे.

२००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या काही प्रोग्रामरांना आर्कोस कंपनीच्या एमपीथ्री प्लेअरमधलं सॉफ्टवेअर आवडेना. त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. त्याचं नाव रॉकबॉक्स. पुढे ते जुन्या आयपॉडसह कितीतरी प्लेअरवर चालू लागलं. त्यातली सगळ्यात मोलाची सोय म्हणजे बोलणारे मेन्यू. ज्या प्लेअरना कंपनीने कधी वाचा दिली नव्हती, ते रॉकबॉक्समुळे मेन्यू बोलून दाखवू लागले आणि दृष्टिहीन लोकांना ते वापरता आले.

दुसरं उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरचं. २००३ मध्ये लक्षात आलं की त्यात लिनक्स आहे. लायसन्सनुसार कंपनीला कोड द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही सिस्टीम जन्मली. कंपन्यांनी हात झटकलेल्या कितीतरी राउटरना ती आजही नवे अपडेट देते.

आणि टीव्हीबद्दलचा वाद सध्या न्यायालयात पोचलेला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने विझिओ या टीव्ही कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. या संस्थेने तो कोड लिहिणारी म्हणून नाही, तर टीव्ही विकत घेणारी ग्राहक म्हणून लढायला घेतला. कोड मागण्याचा हक्क दुकानातून टीव्ही आणणाऱ्यालाही आहे, असं तिचं म्हणणं आहे.

भारतात आपल्याला काय हक्क आहे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. सुटे भाग, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर यांची माहिती एका जागी मिळावी हा हेतू.

पण जिओफोनचं उदाहरण आठवा. तिथे कुठला सुटा भाग मोडला होता? स्क्रू काढून स्पीकर बदलता येतो, सॉफ्टवेअरचं वय संपलं तर दुकानदार काय बदलणार? युरोपीय संघाने यावर नियम केला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट मिळायला हवेत.

आपल्याकडच्या चर्चेत हा मुद्दा ठळकपणे यायला हवा. कारण गावात फोन बदलण्याचा हिशोब वेगळा असतो. ज्यांनी अनामत भरून दीड हजारांचा फोन घेतला होता, त्यांनाच 'आता नवीन घ्या' हे सांगितलं जातं.

मग घेताना काय बघायचं?

टीव्ही, फोन किंवा स्पीकर घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारता येतात.

एक, याला अपडेट किती वर्षं मिळणार? उत्तर 'मिळतात हो' असं आलं तर कंपनीच्या वेबसाइटवर वर्ष लिहिलेलं आहे का ते बघा.

दोन, इंटरनेट गेलं किंवा ॲप बंद पडलं तर यातलं काय काय चालेल? ऑक्सची पिन, यूएसबी, एफएम रेडिओ, एचडीएमआय या सोयी कुठल्या सर्व्हरच्या मर्जीवर नसतात.

तीन, टीव्हीचा पडदा चांगला आणि सिस्टीम जुनी झाली, तर बाहेरून स्टिक किंवा बॉक्स जोडता येईल का? बहुतेक वेळा येतो, आणि टीव्ही फेकण्यापेक्षा ते खूप स्वस्त पडतं.

चार, घरात जुना अँप्लिफायर किंवा साऊंड सिस्टीम पडून असेल तर ती भंगारात देण्याआधी गावातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या किंवा आयटीआयच्या मुलाला दाखवा. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर फुकट मिळणारी ओपन सोर्स सिस्टीम टाकली की जुनी साऊंड सिस्टीम वायफायवरून गाणी वाजवू लागते. सही नाही, कुलूप नाही. वर सांगितलेलं अल्सा आणि एसॉक तिथे स्वतःच्या हाताने उघडून बघता येतं.

आता पुन्हा वडनेर भोलजीच्या त्या बाकावर. आजोबांच्या फोनवर व्हॉट्सॲप परत येणार नाही. नातीने साधा कॉल केला तर मात्र तो नीट ऐकू येईल. मेमरी कार्डातली भजनं वाजत राहतील. आणि इअरफोनची वायर खोचली की तीच अँटेना होते आणि एफएम रेडिओ लागतो. त्यासाठी कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.